किटलीच्या तळाशी राहिलेली पत्ती

तुम्ही माझ्या आईचा चहा पळवलात. खोटं वाटत असेल तर तुमचंच पत्रक काढून वाचा : "पाणी खळखळतं घ्या, पत्ती पाच मिनिटं मुरू द्या, अँटिऑक्सिडंट जास्त उतरतात."

माझे बाबा, किसाबुरो, कावानेच्या या उतारावर साठ वर्षं हिरवा चहा पिकवतायत. उकळलेलं पाणी या पेल्यातून त्या पेल्यात ओतून निववायचं, पत्ती मिनिटभरच मुरवायची आणि शेवटचा, सगळ्यात गोड थेंब आईच्या पेल्यात झटकायचा. याहून जास्त प्रेम त्यांना बोलून दाखवता येत नाही. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी होऊन आई सलाइनवर होती. तिला पाणी नको, सूप नको. चहा मात्र दिवसाला सहा पेले जायचा. पिणं कमी झालं तर पुन्हा दवाखान्यात भरती, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

नेमकं तेव्हाच तुमच्या चहा संशोधन केंद्राचं पत्रक आलं. बाबांनी ते फ्रीजला चिकटवलं आणि घड्याळ घेऊन बसले.

"तोमिए, संपव. औषध आहे."

"अहो, गंजका खिळा चोखल्यासारखं लागतंय हे!"

"तुला जगायचंय की नाही?"

"जगायचंय म्हणून तर हळू पितेय."

आठवड्याने मला दिसलं, पडवीखालच्या अझेलियाच्या झुडपाभोवतीचे दगड पिवळे पडलेत. सहातले चार पेले आई तिकडे ओतत होती. मी बाबांना नेऊन दाखवलं.

"म्हणजे आता हे झुडूप शंभर वर्षं जगणार," म्हणाले, आणि डोळे पुसू लागले.

आई मागे येऊन उभी होती. "रडताय काय? मला माझा गोड चहा द्या. तुम्हाला हवंय ते कुठे पळून जात नाही."

बाबांनी पाणी निववलं. आई प्यायली. मग तिने किटलीतली ओली पत्ती जेवणाच्या काड्यांनी उपसली, वर सोया सॉस घातला आणि भाताबरोबर खाल्ली.

"तुमच्याच आईने शिकवलेलं. पत्रक वाचता वाचता आईला विसरलात होय?"

आता पुन्हा सहा पेले जातात. भरती टळली. पत्रक मी फाडलं, खालचा नंबर तेवढा ठेवलाय. तीनदा फोन केला, कुणी उचलत नाही, म्हणून लिहितेय. पेल्यात किती उतरलं ते तुम्ही मोजलंत. पोटात किती गेलं? पत्तीत किती राहिलं? ते मोजलं होतंत का? हो की नाही, एवढंच लिहून कळवा.