मोशीच्या पुढचा एक मैल

मी पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या सडकेचा एक मैल आहे. मोशी सोडून चाकणकडे निघालात की तुम्ही माझ्यावरूनच जाता. अख्ख्या सडकेचं मला विचारू नका. मला माझ्यापुरतंच ठाऊक.

आधी मी खडी-मुरमाचा होतो. लढाईच्या दिवसांत माझ्यावर डांबर आलं. तेव्हा मी काळाभोर, तुकतुकीत होतो. पण डांबरही म्हातारं होतं. आधी राखाडी पडतं, मग ठिसूळ होतं, मग तडकतं. त्यात कांद्याच्या बैलगाड्या. त्यांच्या चाकांच्या लोखंडी धावा मला कापत जायच्या. तडे मी सोसतो. तड्यांतून आत उतरलेलं पाणी मात्र सोसवत नाही.

त्रेपन्न सालच्या सुमारास सोपानराव माझ्यावर मुकादम म्हणून आले. त्यांची बायको सुभद्राबाई त्यांच्याच टोळीत खडीच्या पाट्या वाहायची. तिच्या भावाचं, हिंदुरावाचं शेत माझ्या कडेलाच होतं.

बैलगाडी शेतातून थेट सडकेवर काढता यावी म्हणून हिंदुरावानं माझ्या कडेचा चर मातीनं बुजवून टाकला. पावसाळ्यात पाणी तुंबलं आणि माझ्या पोटात शिरलं. एक दिवस कांद्याचा ट्रक तिथंच खचून कलंडला. पोती चिखलात गेली, ड्रायव्हरचा पाय मोडला.

सोपानराव खड्डा भरायचे, तो पुन्हा पडायचा. वरून ठिगळ, खालून ओल. चर मोकळा करायला हवा हे त्यांना कळत होतं. पण समोर मेहुणा. ते दोन-चारदा त्याच्याकडे गेले आणि चहा पिऊन परत आले.

शेवटी सुभद्राबाईनंच कुदळ घेतली. हिंदुराव धावत आला.

"सुभे, माजी वाट उकरतीस व्हय?"

"तुजी वाट न्हाई दादा, सडकंचा चर हाय."

"आन मी गाडी कुटनं काढू?"

"पल्याडच्या बांधानं. लांब पडंल, पर कुनाचा पाय तरी मोडनार न्हाई."

"मग माज्या दारात पाऊल टाकू नगंस!"

ती थबकली. जरा वेळानं कुदळ पुन्हा पडू लागली. माणसांच्या नात्यांतलं मला फार कळत नाही. एवढंच सांगतो, की दिवस मावळायच्या आत चर वाहता झाला आणि ती तोंडाला पदर लावून घरी गेली.

त्या भाऊबिजेला हिंदुराव तिला न्यायला आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. ती त्याच्या शेतासमोरून मान खाली घालून पाट्या वाहत राहिली. माझी ठिगळं मात्र आता टिकू लागली होती.

मग सोपानरावांनी साहेबांच्या मागं लागून सिमेंटचा नळ मिळवला. तो चरात बसवून वर माती टाकली, की खालून पाणी जाईल, वरून गाडी. सुभद्राबाई माती वाहत होती. हिंदुराव बांधावर बसून बघत होता. बऱ्याच वेळानं तो उतरला, फावडं घेतलं आणि तिची पाटी भरू लागला.

"ह्या बीजंला येतो न्यायला," तो मातीकडे बघत म्हणाला.

"बघू. आदी पाटी उचलू लाग."

त्यानं हात लावला. बीजेला त्याची गाडी त्या नळावरूनच सडकेवर आली. जाताना तो एकटा होता, परतताना दोघं.

आता एकोणसाठ साल आहे. पिंपरीकडे कारखाने उभे राहताहेत, ट्रक वाढलेत. माझ्यावर डांबराचा नवा थर चढलाय. आत मी जुनाच आहे.

सोपानरावांची बदली कासारवाडीला, मुंबईच्या सडकेवर झाली. जायच्या दिवशी सुभद्राबाई एस.टी.त बसून माझ्यावरून गेली. तिनं खाली पाहिलं नाही. नव्या बिऱ्हाडाचं बोलत होती. तेच बरं. जाणाऱ्यानं पुढंच पाहावं. खाली बघून तडे हेरणारं, चर वाहता ठेवणारं कुणी तरी एक असलं म्हणजे झालं. तेवढं माणूस माझ्यावर राहू द्या.

निघा आता. चाकण अजून लांब आहे.