पलीकडचा पेशंट

टक. टक.

भिंतीवर चमच्यासारखं काहीतरी दोनदा वाजलं आणि दुपारची शांतता पुन्हा पसरली. तिने मान वर केली नाही. टिल्ली खेळत असेल.

तिच्या कानांवर हेडफोन होते, पण त्यांतून काहीच वाजत नव्हतं. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकून टाइप करायचे, हे तिचं घरबसल्याचं काम. आजचे रिपोर्ट केव्हाच संपले होते. पण घरात एक नियम होता. आईच्या कानांवर टोप्या असल्या की तिला हाक मारायची नाही. चार वर्षांची टिल्ली तो इमानेइतबारे पाळायची, आणि हल्ली आई त्या नियमाआड लपून बसायची.

हे सगळं धाकट्या दिराच्या खुळापायी. त्याने गच्चीवर एक डबा बसवून आसपासच्या चार इमारतींपुरतं इवलंसं इंटरनेट उभं केलं होतं.

“वहिनी, यात व्हिडिओ नाहीत, जाहिराती नाहीत, कुणाचं नावसुद्धा नाही. नुसती अक्षरं. वाच, नाहीतर लिही.”

“म्हणजे तुझ्यासारख्या रिकामटेकड्यांची सोय,” ती म्हणाली होती.

आणि मग तीच अडकली. कुणी कुंडीतल्या गोगलगायीची रोजची खबर देई, कुणी बंद लिफ्टशी भांडण काढी. तिला खरं वेड लावलं ते ‘भिंतीपलीकडे’ या पानाने. लिहिणारी कुणी वयस्कर, एकटी बाई असावी. शेजारून ऐकू येणारं एक पोर, एवढाच तिचा विषय.

तिने आजचं पान उघडलं.

‘पलीकडच्या डॉक्टरीणबाईंचा पेशंट अजून आजारीच. औषध दिलंय, पण ते पोटात पोचायला संध्याकाळ होणार म्हणे! असा कोण पेशंट बुवा? आमच्या ह्यांच्या डोक्यात काही शिरायला एवढाच वेळ लागायचा.’

ती खुदकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. टिल्ली पाठमोरी, भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने पुढे वाचलं.

‘घरात मोठं माणूस आहे. खुर्ची कुरकुरते, मधूनच हसूही ऐकू येतं. पण डॉक्टरीणबाईंना कुणी उत्तर देत नाही. म्हणून मी आपली चमच्याने भिंतीवर दोनदा टकटक करते. पलीकडूनही दोनदा येते. आमचं छान जमलंय.’

“काय एकेक आया असतात,” ती पुटपुटली आणि पाय पोटाशी घेऊन सावरून बसली.

खुर्ची कुरकुरली.

ती तशीच थांबली. मग हळूच हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवली.

“नाही हं, औषध अजून मानेतच आहे तुझ्या,” टिल्ली हलक्या आवाजात कापडी जिराफाला समजावत होती. “संध्याकाळी पोचेल पोटात. तोवर रडायचं नाही, शहाणा ना तू? आई कामात आहे.”

भिंतीतून टकटक आली. टिल्लीने मांडीवरचा चमचा उचलून शांतपणे दोनदा उत्तर दिलं, आणि पुन्हा पेशंटची मान पुसायला घेतली.

तिने स्क्रीन मिटली. हेडफोन काढून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवले. वही पडली, तरी ती उचलायला थांबली नाही. टिल्लीजवळ जमिनीवर बसली.

“काय झालंय गं जिराफाला?”

टिल्लीने आधी तिच्या कानांकडे पाहिलं. एकीकडून, मग दुसरीकडून.

“टोप्या काढल्यास?”

“काढल्या.”

“काम संपलं?”

“हो, संपलं.”

टिल्लीचा चेहरा उजळला. तिने जिराफ उचलून आईच्या मांडीत ठेवला, त्याची लांब मान आईच्या दंडावर नीट टेकवली, चमचा तिच्या हातात दिला. मग काहीतरी आठवल्यासारखं वर पाहून विचारलं,

“कधी संपलं?”