तेरा जणांचा गलका

"नर्सबाईंनी आणलेलं सॅलड दुकानातलं आहे," डार्लिस ओट्याशी वाकून पुटपुटली. "डब्यातून काचेच्या भांड्यात ओतलं, वर चिमूटभर लाल तिखट भुरभुरवलं, की झालं घरचं. आणि भांडं कुणाचं, तर सासूचं. निदान मेलेल्या बाईची तरी लाज बाळगावी."

शेजारी व्हर्लीन स्ट्राउड हॅमचे काप ताटात लावत होती. एरवी तिनं या तक्रारीत आपली दोन वाक्यं हौसेनं घातली असती. आज ती नुसतं "असू दे गं" म्हणाली, आणि तेवढ्यावरून डार्लिसला कळलं, हिचं चित्त ठिकाणावर नाही.

चर्चच्या तळघरात 'होल्कम काउंटीचे पहारेकरी' या नागरिकांच्या गटाची बैठक होती. बारा वर्षांपूर्वी राज्य सरकारनं गोठ्यांवरचा कर वाढवला, तेव्हा ही मंडळी व्हर्लीनच्या जेवणाच्या टेबलाशी पहिल्यांदा जमली होती. शेतकरी, निवृत्त माणसं, एक नर्स, एक न्हावी. देव, कुटुंब आणि आपलं कुंपण मानणारी. राजधानीत गेलेल्या माणसावर विश्वास टाकायचा नाही, तो आपल्या पक्षाचा असेल तर मुळीच नाही, असा त्यांचा बाणा. त्याला अपवाद एकच, किप मॅडर्न.

किप त्यांचा आमदार. त्याहून आधी व्हर्लीनच्या रविवारच्या शाळेतला मुलगा. त्याचा बाप ट्रॅक्टरखाली गेला त्या वर्षी त्याची दोन वेळची जेवणं तिच्याच घरी होत. तो पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा ती अकराशे दारं हिंडली. कुणाचं कुत्रं चावतं, कुणाचा नवरा नुकताच वारला, कुणाशी देवाबद्दल बोलायचं आणि कुणाशी फक्त गुरांबद्दल, सगळं तिला पाठ. किप एक्केचाळीस मतांनी निवडून आला, आणि त्यातली निम्मी व्हर्लीनच्या गुडघ्यांनी मिळवलेली होती.

त्याच्याकडून पहारेकऱ्यांना एकच गोष्ट हवी होती. मतदान संपलं की प्रत्येक काउंटीत चिठ्ठी टाकून एक पेटी काढायची, आणि निकालावर सही होण्याआधी ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हातानं मोजायची. एवढाच कायदा. त्यासाठी चार वर्षं ते राजधानीला खेटे घालत होते, तीन तास जायला, तीन तास यायला. अखेर या मार्चमध्ये विधेयक समितीपुढे आलं आणि पाच मिनिटांत मेलं.

तेही आवाजी मतदानानं. विधानभवनाच्या तळमजल्यावरची अरुंद खोली, कॅमेरा नाही, तेरा आमदार, त्यांत किपही. अध्यक्ष म्हणाले, "बाजूचे असतील त्यांनी हो म्हणा." काही 'हो' ऐकू आले. "विरोधातले असतील त्यांनी नाही म्हणा." काही 'नाही' ऐकू आले. हातोडी पडली. कुणी काय म्हटलं याची कागदावर एक ओळसुद्धा नाही. मतं उजेडात मोजा म्हणणाऱ्यांचं विधेयक असं अंधारात मोजलं गेलं.

बाहेर आल्यावर किपनं व्हर्लीनचे दोन्ही हात हातात घेतले होते. "मी जिवाचं रान केलं, मिस व्हर्लीन. मतंच कमी पडली."

त्या दिवशी पहिल्या रांगेत, किपच्या पाठीमागे हातभर अंतरावर, एकटी व्हर्लीन बसली होती. बाकीचे दाराशी दाटीवाटीनं उभे. साहजिकच परतताना गाडीत सगळ्यांनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "गलका होता. नीट कळलं नाही."

आता डार्लिसनं हात पुसले, दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "व्हर्लीन, खरंच कळलं नाही तुला?"

"सांगितलं ना, गलका होता."

"तेरा माणसं होती."

"मग तेरा जणांचा गलका होता."

 डार्लिसनं सॅलडचं भांडं उचललं आणि बाहेर नेऊन टेबलाच्या पार भिंतीकडच्या टोकाला ठेवलं, जिथं कुणाचा हात पोचणार नाही.

किप वेळेवर आला. इस्त्रीचा शर्ट, बुटांना मुद्दाम ठेवल्यासारखा थोडा चिखल. सगळ्यांशी हात मिळवले, न्हाव्याला म्हणाला, "राजधानीत तुझ्यासारखा हात कुणाचा नाही," आणि व्हर्लीनच्या गालाला गाल लावला. तिला त्याच्या कॉलरला नव्या अत्तराचा वास आला. महागाचं असावं. हे मनात येताच तिला आपलीच चीड आली. पोरानं अत्तरही लावू नये की काय.

जेवणं झाली. प्रश्नांची वेळ आली तेव्हा खुर्च्या उगीच करकरल्या. नर्सबाई घसा साफ करून म्हणाल्या, "किप, त्या दिवशी समितीत तू..." मग व्हर्लीनकडे बघून त्यांनी वाक्य वळवलं, "...जेवलास कुठे? तिथलं कँटीन बंद झालं म्हणे."

"बंद झालंय," किप हसत म्हणाला. "आता सगळे उपाशीच कायदे करतात."

लोक हसले. 

चिटणीस ऑरिन प्रॅट उभा राहिला. आयुष्यभर पशुखाद्याचं दुकान चालवलेला, नियमांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपणारा माणूस. "ठराव असा," त्यानं वाचलं, "की ऑगस्टच्या पक्षांतर्गत निवडणुकीत पहारेकऱ्यांचा पाठिंबा किप मॅडर्न यांना."

हा पाठिंबा म्हणजे पुठ्ठ्याचं एक कार्ड. पण होल्कममध्ये ते कार्ड दाराला लागलं की अर्धी निवडणूक तिथंच संपायची. किपविरुद्ध उभी असलेली शेळ्या पाळणारी टॅम्सिन रीड समितीच्या दर सुनावणीला स्वतःचं पेट्रोल जाळून आली होती. तिच्या नावाचं कार्ड छापायचा विचारही आजवर कुणी केला नव्हता.

"घाई आहे तुम्हाला, मला माहीत आहे," किप म्हणाला. "आवाजीनं घेऊन टाका ना."

सगळ्यांच्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या. किपलाही ते जाणवलं असावं. त्यानं उगाच मनगटावरचं घड्याळ फिरवलं.

"आमच्यात आवाजी नसतं, पोरा," ऑरिन चष्मा वर सरकवत म्हणाला. "आमच्यात नाव घेतात. तू जरा बाहेर थांबतोस?"

"मी इथंच बसतो. आपल्या माणसांत काय लपवायचं?"

"बैस मग," ऑरिन म्हणाला.

नाव घेऊन मत द्यायची ही पद्धत व्हर्लीनचीच. आणि अध्यक्षाचं, म्हणजे तिचं स्वतःचं, नाव सगळ्यात शेवटी, हेही तिचंच. तिच्या तोंडाकडे बघून कुणी आपलं मत ठरवू नये म्हणून. बारा वर्षांत या नियमानं तिला एकदाही त्रास दिला नव्हता.

"ॲबर्नेथी."

"तटस्थ," न्हावी म्हणाला.

"डॉवेल."

"मी... मीही तटस्थ लिही," नर्सबाई म्हणाल्या.

"हॉक."

डार्लिसनं व्हर्लीनकडे पाहिलं. चाळीस वर्षांची मैत्री. त्या नजरेत राग नव्हता, आणि म्हणूनच ती सोसवेना. "तटस्थ," डार्लिस म्हणाली. "आणि असं म्हणायची वेळ माझ्यावर आली, हे काही मला आवडलेलं नाही. तेही लिही."

"ते लिहिता येत नाही."

"मग लक्षात ठेव."

एकामागून एक नावं झाली. न पटलेली मासिकं तडकाफडकी बंद करणारी, शाळेच्या मंडळात उभं राहून भांडणारी, गव्हर्नरला तोंडावर खोटारडा म्हणालेली माणसं, आणि आज ओळीनं सगळी तटस्थ. व्हर्लीनला कळत होतं. शंका सगळ्यांनाच होती. पण पहिल्या रांगेत ती बसली होती, आणि तिनं नाही कळलं म्हटल्यावर तिच्या शब्दापुढे आपली शंका ठेवायला कुणी धजत नव्हतं. तिच्यावरचा हा विश्वास आपण वापरला, हे तीन आठवड्यांत प्रथमच तिला इतकं स्पष्ट दिसलं.

कारण गलका झालाच नव्हता. समोरून सहा 'नाही' ऐकू आले, मग अगदी हातभर अंतरावरून सातवा. मऊ, खालच्या पट्टीतला. तीस वर्षं चर्चमध्ये दुसऱ्या बाकावरून ऐकलेला आवाज, डोळे बांधले असते तरी तिला ओळखू आला असता. त्या क्षणी तिनं मनाशी ठरवून टाकलं, हा शेजारच्या म्हाताऱ्या आमदाराचा. मग गाडीत बसेपर्यंत तेच खरं करून घेतलं. रात्री खरं पुन्हा वर यायचं; ती सकाळी पुन्हा दाबून ठेवायची. पोटचं पोर नव्हतं तिला. एवढा एक मुलगा तिनं घडवला होता, आणि तो वाया गेला हे सांगायचं तर आधी स्वतःला सांगावं लागणार होतं.

"प्रॅट," ऑरिननं आपलंच नाव वाचलं, स्वतःच "तटस्थ" म्हणाला आणि लिहून घेतलं. मग मान वर केली. "स्ट्राउड. अध्यक्ष."

किप तिच्याकडे बघून हसला. सहा वर्षांचा असताना बायबलचं वचन म्हणताना चुकला की हसायचा तसा. बाई सांभाळून घेतील याची खात्री असलेला.

व्हर्लीन उठली. बसून बोलली असती तरी चाललं असतं.

"माझं मत विरोधात," ती म्हणाली.

"मिस व्हर्लीन," किप अर्धवट उठला, "पुढच्या वर्षी मला समितीचं अध्यक्षपद देणार आहेत. तेव्हा तुमचं विधेयक मीच..."

"कशाच्या बदल्यात देणार आहेत, किप?"

किप बुटांवरचा चिखल बघू लागला.

त्याच्याकडे पाठ फिरवून ती समोरच्या खुर्च्यांवरच्या एकेका माणसाकडे बघत म्हणाली, "त्या खोलीत किपनं 'नाही' म्हटलं. मी त्याच वेळी ऐकलं होतं. गाडीत तुम्ही विचारलंत, तेव्हा मी तुमच्याशी खोटं बोलले."