भोंगेवाल्याची मुलगी

"हॅलो… हॅलो… एक, दोन… एक, दोन, तीन…"

रिकाम्या सभागृहात आवाज घुमला, शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि परत आला. भोंग्याने समाधानाने मान डोलावली आणि स्टेजवरून खाली उडी मारली. तेवढ्यात मोठ्या बाईंची हाक आलीच.

"ए भोंग्या! उड्या काय मारतोस? वय बघ जरा."

चाळिशी केव्हाच ओलांडलेल्या माणसाला 'ए भोंग्या' म्हणणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. याच सरकारी हायस्कुलात त्यांनी त्याला शिकवलं होतं. वर्गात बोललेलं मैदानापलीकडे ऐकू जायचं, म्हणून हे नावही त्यांनीच ठेवलेलं. पुढे त्याने लाउडस्पीकरचं दुकान काढलं, तेव्हा लोक म्हणाले, याचे पाय पाळण्यातच दिसले होते. बाई आता मुख्याध्यापिका होत्या आणि शाळेच्या वार्षिक संमेलनाला स्पीकर, माईक, वायरी सगळं घेऊन भोंगा दरवर्षी न बोलावता हजर व्हायचा.

"हे बघ, या वेळी अहवाल वाचून झाला की शाळेला हातभार लावणाऱ्या मंडळींना स्टेजवर बोलावणार आहे. दातांचे डॉक्टर, वाचनालयातल्या ताई आणि तू. बक्षीस मिळालेल्या मुलांशेजारीच उभं करीन म्हणते."

"मी कशाला, बाई…"

"गप्प बस. दरवर्षी कोपऱ्यात तोंड लपवून बसतोस. दिसू दे एकदा लोकांना. आणि शर्ट नवा दिसतोय की! कोणाचं लग्न?"

भोंगा हसून वायरी अंथरू लागला. नव्या शर्टाचं कारण बाईंना सांगण्यासारखं नव्हतं. यंदा संमेलनाचं सूत्रसंचालन दहावीतल्या ज्या मुलीकडे होतं, ती त्याची मुलगी होती. शाळेत ही गोष्ट कोणाला म्हणजे कोणालाच ठाऊक नव्हती.

त्याचं लग्न दुसऱ्या गावी झालं होतं आणि मोडलंही तिथेच. तेव्हा तो एका ऑर्केस्ट्राबरोबर फिरायचा. आज इथे, उद्या तिथे, घरी पाहुण्यासारखा. बायकोने आधी वाट पाहिली, मग भांडली, मग भांडायचंही सोडलं. भांडणं थांबली तेव्हा भोंग्याला वाटलं, चला, मिटलं एकदाचं. ते मिटलं नव्हतं, संपलं होतं. मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. बायकोने दुसरं लग्न केलं, भोंगा आपल्या गावी परत आला, आणि बरीच वर्षं तिकडची खबरबात त्याने ऐकली नाही.

मग तिच्या दुसऱ्या नवऱ्याची, कारखान्यातल्या साहेबांची, बदली झाली आणि ते बायको-मुलीला घेऊन नेमके याच गावात राहायला आले. एका दुपारी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी दुकानात आली.

"घड्याळाचे सेल आहेत?"

भोंग्याने वर पाहिलं आणि त्याचा हात खोक्यातच राहिला. मध्ये एकमेकींना चिकटलेल्या तशाच जाड भुवया. रोज दाढी करताना आरशात दिसायच्या तशा.

"आईने सांगितलं मला," ती म्हणाली. "मी नुसतं बघायला आले."

त्यानंतर ती अधूनमधून यायची. स्टुलावर बसून चहा प्यायची, परीक्षेचं सांगायची, बिघडलेले रेडिओ उघडून बघायची. फक्त त्याला काही म्हणायची नाही. 'बाबा' नाही आणि दुसरंही काही नाही. 'अहो', 'ऐका ना', एवढ्यावरच तिने निभावून नेलं होतं. साहेबांना ती पप्पा म्हणायची, हे भोंग्याला माहीत होतं. तो कशाची घाई करत नव्हता. येईल एखाद दिवशी तोंडात, असं त्याने मनाशी धरलं होतं.

आता सभागृहात ती त्याच्या मशीनच्या टेबलापाशी आली. हातात निवेदनाचे कागद, ओठ कोरडे पडलेले.

"ऐका ना. बाई तुम्हाला स्टेजवर बोलावणार आहेत?"

"म्हणत होत्या खऱ्या."

"माझ्या शेजारी उभं करणार आहेत." ती कागदाचा कोपरा दुमडत राहिली. "समोर सगळ्या मैत्रिणी असतील. पप्पांच्या ऑफिसातले लोक येणारेत. आणि आपल्या ह्या…" तिने भुवईवरून बोट फिरवलं. "कोणीतरी बोलेलच हो. आईला फार लागेल."

भोंग्याने एक वायर उचलली, सरळच होती तरी पुन्हा सरळ केली.

"अगं, मी येणारच नव्हतो. मशीन सोडून कसं चालेल? स्पीकरची शिट्टी वाजली तर तुझंच बोलणं वाया जायचं."

"तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?"

"छे! उलट सुटलो. मला त्या उजेडात घाम फुटतो. तू पाणी पी. घसा सुकलाय तुझा, इथपर्यंत ऐकू येतंय."

ती हसली आणि पळत गेली. भोंगा बाईंकडे गेला. मशीन जुनं झालंय, सोडून हलता येणार नाही, माझं नाव गाळा, असं त्याने सांगितलं. बाई चिडल्या. "करंटा आहेस. दैव देतं आणि कर्म नेतं, दुसरं काय!" पण त्यांनी नाव गाळलं.

तीन वाजता सभागृह गच्च भरलं. आया, आज्या, कडेवरची पोरं, दारात उभे राहिलेले दुकानदार. भोंग्याने कानाला हेडफोन लावला आणि तिचा आवाज सुरू झाला. पहिल्या वाक्याला तो किंचित थरथरला. भोंग्याने बटण केसभर फिरवलं, थरथर झाकली गेली. दुसऱ्या वाक्याला ती सावरली. नाच झाले, एकांकिका झाली, पहिलीच ओळ विसरलेल्या एका पोराला लोकांनी टाळ्या वाजवून धीर दिला. मध्ये मध्ये ती बोलत होती, थेट त्याच्या कानात. वर्षानुवर्षं स्टुलावर बसून बोलली असेल त्याहून जास्त ती त्या दुपारी बोलली. आपल्या मुलीचा श्वास कुठे तुटतो, 'श' म्हणताना जीभ कशी अडखळते, हे त्याला तेव्हा कळलं.

मग बाईंनी अहवाल वाचला. दहावीचा निकाल वाढला होता. शाळा सोडलेली मुलं घरोघरी जाऊन परत आणली होती. संध्याकाळी आयांसाठी वर्ग सुरू झाला होता. डॉक्टर आणि ताई स्टेजवर गेले, त्यांना फुलं मिळाली. भोंगा मान खाली घालून बटणांकडे बघत बसला.

"आणि आता," बाई म्हणाल्या, "या वर्षीची आदर्श विद्यार्थिनी. आत्तापर्यंत तुम्ही तिलाच ऐकत होतात." टाळ्यांचा कडकडाट झाला. "मला मात्र थोडं वाईट वाटतंय. परीक्षा झाली की ही आपल्याला सोडून चालली. वडिलांची बदली झालीय, फार लांब. आई-वडिलांनीही वर यावं."

टाळ्या चालूच होत्या. भोंग्याचं बोट बटणावर होतं, तिथेच राहिलं. बदली. लांब. गेल्याच आठवड्यात ती दुकानात येऊन गेली होती. पावाचा तुकडा चहात बुडवून खाल्ला होता. कॉलेजात कुठला विषय घेऊ, विचारत होती, आणि तो मूर्खासारखा इथल्या कॉलेजचे मास्तर कसे चांगले आहेत ते सांगत बसला होता. तेव्हा ती गप्प का झाली, ते आत्ता उलगडलं. शेदीडशे लोकांबरोबर, त्यांच्यासारखंच, त्यालाही आत्ताच कळलं होतं.

साहेब माईकसमोर आले. माणूस चांगला उंच. मुलीच्या उंचीला लावलेला माईक त्यांच्या छातीशी येत होता. ते वाकले, हाताने ओढायला गेले आणि स्पीकर किंचाळला. लोकांनी कानावर हात ठेवले. तिने बाजूचा माईक घेतला.

"काका," ती म्हणाली, "माईक जरा वर करून देता का?"

त्याच्याच स्पीकरमधून तो शब्द सगळ्या सभागृहात पोचला. तिला आपण काय बोललो ते उमगलं असावं, कारण ती लगेच खाली बघू लागली.

"आलो, आलो," भोंगा म्हणाला.

तो स्टेजवर चढला. भगभगीत उजेडात ते चौघेच माईकभोवती उभे होते. त्याची एकेकाळची बायको फुलांच्या गुच्छाकडे बघत राहिली. त्याने स्क्रू सैल केला, दांडी वर घेतली, स्क्रू आवळला. "आता बोला साहेब, लांबूनच बोला," म्हणाला आणि उतरला. कोणी त्याच्या भुवयांकडे पाहिलं नाही. माईकवाल्याकडे कोण बघतं?

साहेब मुलीबद्दल चार शब्द बोलले, अगदी हळू आवाजात. भोंग्याने आवाज थोडा वाढवला, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जाईल.

कार्यक्रम संपला तेव्हा अजून ऊन होतं. गर्दी पांगली. भोंगा मोठा स्पीकर टेम्पोकडे ओढत होता, तर अचानक दुसऱ्या बाजूने वजन हलकं झालं. साहेबांनी तिकडून हात घातला होता.

"अहो, राहू द्या साहेब. जड आहे."

"म्हणूनच." दोघांनी मिळून तो वर चढवला. साहेब दम खात उभे राहिले. "मी तिला म्हटलं होतं, तुम्हाला आधी सांग. तुमच्या तोंडावर तिला बोलवत नव्हतं. दोन-तीनदा दुकानापर्यंत जाऊन परत आली."

"लहान आहे हो. राहून गेलं असेल."

"आणि ते मघाशी…"

"बरोबरच बोलली," भोंगा म्हणाला. "मग काय म्हणायचं तिने एवढ्या लोकांत?"

फाटकापाशी मायलेकी थांबल्या होत्या. मुलगी इकडेच बघत होती; येऊ का नको, अशी एक पाऊल पुढे टाकून उभी.

"जा तुम्ही. त्या खोळंबल्यात," भोंगा म्हणाला आणि मग त्याचं लक्ष गेलं. साहेबांचा पांढरा शर्ट स्पीकरच्या धुळीने खांद्यापासून खिशापर्यंत काळा झाला होता.

"थांबा थांबा, असे नका जाऊ. घरी बोलणी खाल."

त्याने टेम्पोतलं स्वच्छ फडकं काढलं, आणि एका हाताने साहेबांचा खांदा धरून, दुसऱ्या हाताने हळूहळू, डाग पसरणार नाही अशा बेताने, तो त्यांचा शर्ट झटकत राहिला.