माझ्या तोंडावरचा बारदाना

मी एक जुना, छतावरचा फिरता पंखा आहे आणि आज मी चिडलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. मित्रांनो, आमगावकडच्या राईस मिलच्या पत्र्यांवर कांद्यासारखी गोल, चकाकणारी टोपी गरगर फिरताना तुम्ही पाहिली असेल. तोच मी. मला वायर नाही, बटण नाही, बिल नाही. वाऱ्यावर फिरतो आणि खालची गरम हवा, धूर बाहेर फेकतो.

मला इथे आणलं खेमराज सरांनी. कुडवा गावाच्या पुढे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी कॉलेजची कर्मशाळा बांधायची होती आणि नकाशा सरांच्या हाती होता. त्यांचं लहानपण वडिलांच्या मिलमध्ये गेलेलं. त्यांनी उत्तरेला मोठ्या खिडक्या ठेवल्या, दक्षिणेला रुंद छज्जा काढला, छताला पांढरा रंग दिला आणि शेंड्यावर मला बसवलं. हवा खिडक्यांतून आत यायची आणि माझ्यातून बाहेर जायची. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होत असताना आत पोरं बिनघोर वेल्डिंग करत. लांबलांबून लोक मला पाहायला येत, फोटो काढत. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं.

मग सर निवृत्त झाले आणि चंद्रकुमार सर विभागप्रमुख झाले. गरज सरो, वैद्य मरो! दर उन्हाळ्याआधी शिडी लावून मला तेल द्यायची पद्धत होती, ती बंद पडली. मी कुरकुरू लागलो. कुरकुरणार नाही तर काय करणार?

तेवढ्यात कर्मशाळेतच 'ऊर्जा बचत केंद्र' उघडायचं ठरलं. मोठे पाहुणे येणार होते. भाषणाची तालीम चालली होती आणि मी नेमका चिरचिरलो.

"अरे, हे काय चिरचिर करून राहिलं वरतं?" चंद्रकुमार सर ओरडले. "रामलाल, बांध याले!"

"सर, तेल टाकतो ना," शिपाई रामलाल म्हणाला.

"तेल-बिल बाद में. पहले बांध!"

माझ्या तोंडावर धानाचा बारदाना, म्हणजे रिकामं पोतं, चढला आणि त्यावर तारेचा फास. खिडक्यांवर प्लायवूड ठोकलं. का, तर एसीचा गारवा बाहेर जाऊ नये! ऊर्जा बचत केंद्राला एसी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पाहुणे आले, गारव्यात बसले, वीज कशी वाचवावी यावर बोलले आणि टाळ्या घेऊन गेले. माझा बारदाना मात्र कोणी काढला नाही.

पुढचं ऐका. एसी आणि वेल्डिंगची यंत्रं एकदम चालवली की वीज जायची. म्हणून प्रॅक्टिकलच्या वेळी एसी बंद. खिडक्या तर बंद होत्याच, आणि मीही बंद. सगळी पोरं त्या धुरात. त्यांत दुर्गेश्वरी आधीच दम्याची. ती रोज खोकायची, मला वर ऐकू यायचं आणि माझा जळफळाट व्हायचा. तोंड बांधलेला मी करणार काय? आणि तिकडे शेजारच्या वर्गात चंद्रकुमार सर फळ्यावर माझंच चित्र काढून विजेशिवाय हवा कशी खेळवावी, ते शिकवत होते!

एके दिवशी दुर्गेश्वरी यंत्रासमोरच कोसळली. तिची मैत्रीण प्रेरणा हिने तिला कसंबसं बाहेर काढलं. तिला दवाखान्यात पोचवून आली ती थेट सरांसमोर उभी राहिली.

"सर, परीक्षेत आम्ही याचं चित्र काढलं तं तुम्ही पूर्ण मार्क देता. मंग वरतं याले बांधून काऊन ठेवलं?"

"अगं, केंद्र तपासायला कमिटी येणार आहे, ती येऊन जाऊ दे. फिर देखते हैं."

"कमिटीले दम नाही लागत, सर. दुर्गेश्वरीले लागते."

शाब्बास गं पोरी!

दुसऱ्या दिवशी ती आईच्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आली. रामलालने शिडी धरली. प्रेरणाने वर चढून तार तोडली, बारदाना खाली फेकला आणि मला तेल दिलं. मग दोघांनी मिळून खिडक्यांवरचं प्लायवूड उचकटलं. त्या दिवशी झाडाचं पानही हलत नव्हतं. पण खाली कोंडलेली गरम हवा अशी उसळून वर आली की मी आपसूक फिरू लागलो. धूर भराभरा बाहेर पडला.

चंद्रकुमार सर धावत आले आणि मान वर करून पाहत राहिले.

"हे फिरून राहिलं... मंग आवाज काऊन नाही येत?"

"तेल टाकलं, सर," प्रेरणा म्हणाली.

सरांनी तेलाची कुपी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. एवढंच तर लागत होतं, कपाळ!

दुर्गेश्वरी आता कॉलेजात परत आली आहे. वेल्डिंगही करते. पण जिना चढताना अजून मध्येच थांबते, छातीवर हात ठेवून. ते पाहिलं की माझं डोकं पुन्हा फिरतं. मित्रांनो, माझे फोटो पुरे झाले आणि फळ्यावरची चित्रंही पुरे झाली. तुमच्या शाळेच्या छतावर माझा एखादा भाऊबंद असेल आणि तो कुरकुरत असेल, तर शिडी लावायला सांगा, त्याला तेल द्यायला सांगा. आणि कोणी त्याचं तोंड बांधायला निघालंच, तर आधी त्या माणसाला खाली उभं करा आणि कोण खोकतंय ते ऐकायला लावा.