दहा बोटांचा माणूस

आमच्या रेल्वे यार्डात काम मागायला आलेल्या माणसाकडे मी कधी आधीच्या कामाची चिठ्ठी मागितली नाही. चिठ्ठी काय, दारूच्या एका घोटावर कुणीही लिहून देतो. मी म्हणायचो, "हातमोजा काढ आणि हात दाखव." एखादं बोट नसलं तर माणूस आपल्यातला. दोन नसली तर मुरलेला. दहाच्या दहा बोटं घेऊन आलेला गडी कालच शेतावरून उठून आलेला, हे ओहायोतल्या कुठल्याही यार्डाचा मुकादम डोळे मिटून सांगायचा. डोळे मिटूनच सांगत होतो आम्ही, हे आता कळतं.

मी कॉन डेलाहंट. हॅलोवेल जंक्शनच्या मालयार्डात बावीस वर्षं काढली, त्यातली नऊ मुकादम म्हणून. माझ्या डाव्या हाताला अंगठा आणि दोन बोटं आहेत. बाकीची दोन अठराशे सत्त्याहत्तर सालच्या जानेवारीत दोन वाघिणींच्या, म्हणजे मालगाडीच्या डब्यांच्या, मध्ये राहिली. त्याचं मी फार दुःख केलं नाही. पंधरा दिवसांनी कामावर परतलो, आणि त्या दिवसापासून यार्डातले लोक मला 'ए पोरा' म्हणायचं थांबले.

काम सोपं होतं, म्हणजे सांगायला. मालगाडीच्या प्रत्येक वाघिणीच्या टोकाला एक लोखंडी तोंड, आणि त्यात लांबट कडी. इंजिन एक वाघीण हळूहळू ढकलत आणणार. आपण मध्ये उभं राहून कडी हाताने उचलायची, समोरून येणाऱ्या तोंडात घालायची आणि वरून खिळा टाकायचा. हात वेळेवर निघाला तर निघाला. कंपनीने प्रत्येकाला एक काठी दिली होती, कडी काठीने उचला म्हणून, आणि काठी मिळाल्याची सहीही घेतली होती. काठीने वेळ लागतो. वेळ लागला की तीच कंपनी विचारते, गाडी उशिरा का सुटली? तेव्हा काठ्या शेकोटीत गेल्या आणि सह्या कंपनीच्या कपाटात राहिल्या.

मग नवी कडी निघाली. दोन मुठी एकमेकींत अडकाव्यात तशी. दोन वाघिणी जोरात भिडल्या की आपोआप मिटायची, मध्ये माणूस नको. वॉशिंग्टनच्या सरकारने त्र्याण्णव साली कायदाच केला की अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीपासून सगळ्या गाड्यांना असलीच कडी हवी. त्या संध्याकाळी आम्ही पोटभर प्यायलो. अक्कल असती तर प्यायलो नसतो, कारण मधल्या पाच वर्षांचा विचार कुणीच केला नव्हता. अर्ध्या वाघिणींना नवी कडी, अर्ध्यांना जुनी. नव्या तोंडाला जुनी कडी लागावी म्हणून खाच ठेवली होती, पण तोंड इतकं जाडजूड की मध्ये उभं राहायला धड जागा उरत नसे. जुन्याला जुनी जोडताना बोट जायचं. नव्याला जुनी जोडताना माणूस जायला लागला.

अमोस टटल माझा जावई. सहा वर्षं यार्डात आणि दहाही बोटं शाबूत. काठी वापरणारा आमच्यात तो एकटाच. बाकीचे त्याची खेचायचे, "काय रे अमोस, संध्याकाळी पियानो वाजवायला जायचंय का?" मीही हसायचो. तो मला म्हणायचा, "मामा, तुमच्या लेकीला या हातांची सवय झालीय. आता बदलून कुठून आणू?" पोरगा नशीबवान आहे, असं मी चारचौघांत म्हणत असे. तो मला फार आवडायचा. हे त्याला मी एकदाही सांगितलं नाही.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत माझ्या नोराला पाचवा महिना होता. अमोसला एक मार्चपासून सिग्नलच्या केबिनमधली जागा मिळाली होती. वर बसायचं, खटके ओढून रुळांचे सांधे बदलायचे, शेजारी स्टोव्ह पेटलेला. सहा-सात आठवडे तेवढे काढायचे होते. नेमका तेव्हाच त्याचा जोडीदार काम सोडून कॅन्ससला भावाकडे निघून गेला.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर नोराने मला धरलं.

"बाबा, थोडेच दिवस राहिलेत. त्याच्या जोडीला कुणीतरी धड माणूस द्या."

"नाही तर काय, पाद्री देणार आहे?"

"मी थट्टा करत नाहीये."

"बरं बाई. मिळेल त्यातला सगळ्यात जुना गडी देतो."

"जुना नको. धड द्या."

"अगं, जुना म्हणजेच धड. तुला काय कळतंय यार्डातलं?"

सोमवारी सकाळी शेडच्या दारात दोघे उभे होते. पहिला वेंडेल प्रुइट. तिशीचा, तांबड्या केसांचा, किडकिडीत. म्हणाला, इंडियानातल्या यार्डात सहा वर्षं काम केलंय. मी हात बघितले. दहाच्या दहा.

"सहा वर्षं?" मी म्हटलं. "कुठं, कचेरीत?"

"यार्डात. विचारा काय विचारायचं ते. कुठलाही इशारा करून दाखवतो."

"इशारे तर माझी बायकोही करायची."

शेकोटीपाशी बसलेले सगळे हसले. प्रुइट हसला नाही. त्याने शांतपणे हातमोजे घातले आणि रस्त्याला लागला.

दुसरा व्हर्जिल स्ट्राउड. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, जमिनीकडे बघत बोलणारा. हातमोजा काढायला त्याने जरा वेळ घेतला. उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेलेली.

"थंडीतच ना?" मी म्हटलं. थंडीत खिळा कातडीला चिकटतो, हात निघत नाही.

"हो. थंडीतच गेली."

"त्रास देतात?"

"काम अडत नाही, मुकादम."

झालं. मी त्याला अमोसच्या हवाली केलं. संध्याकाळी नोराला सांगितलं की तुझ्या नवऱ्याला माझ्याहून मुरलेला जोडीदार दिलाय, आता निवांत झोप.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अमोस माझ्याकडे आला. "मामा, हा व्हर्जिल इशारा द्यायच्या आधी फार विचार करतो."

"प्रत्येक रेल्वे लाइनचे इशारे वेगळे. रुळेल."

"कुठल्या लाइनवर होता तो? तुम्ही विचारलंत का?"

"अरे, दोन बोटं गेलीत त्याची. ती काय पोस्टाने पाठवली त्यानं?"

पुन्हा सगळे हसले. अमोसही हसला. गेला आणि कामाला लागला.

फेब्रुवारीतला तिसरा गुरुवार. सकाळचे दहा वाजले असतील, बारीक गारा पडत होत्या. कोळशाच्या शेडपाशी रूळ वळतो, तिथे इंजिनाच्या ड्रायव्हरला वाघिणींच्या मधला माणूस दिसत नाही. त्याला दिसतो तो बाहेर उभ्या असलेल्या जोडीदाराचा हात. तो हात म्हणेल तसं इंजिन चालणार. मी दोन रूळ पलीकडे होतो.

येणाऱ्या वाघिणीला नवी कडी होती. उभी होती तिला जुनी. अमोस काठी घेऊन मध्ये शिरला, आणि त्याने व्हर्जिलला हळू आणायची खूण केली. व्हर्जिलला जवळचं टोक दिसलं, नव्या कडीचं. चार-पाच आठवड्यांत तो एक गोष्ट पक्की शिकला होता, की नवी कडी जोरात आदळल्याशिवाय मिटत नाही आणि मिटली नाही की ड्रायव्हर आईबापांचा उद्धार करतो. आधी दोन्ही टोकं बघायची आणि मग हात हलवायचा, हे यार्डात वर्षभर राहिलेल्या कुणालाही झोपेतसुद्धा चुकत नाही. व्हर्जिलने एकच टोक बघितलं. त्याने हात वर केला आणि जोरात ये म्हणून हलवला.

मी ओरडलो, पण वाफेच्या आवाजात ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

अमोस दोन वाघिणींच्या मध्ये छातीपासून अडकला होता. उभाच होता, शुद्धीवर होता. तोंडावर गारा पडत होत्या म्हणून मी माझी टोपी त्याच्या डोक्यावर धरली. असा माणूस वाघिणी भिडलेल्या असतात तोवर बोलतो, आणि वाघीण मागे घेतली की जातो. हे मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं, त्याने सहा वर्षांत दोघांना तसं जाताना बघितलं होतं.

"मामा," तो म्हणाला, "नोराला उभ्यानं सांगू नका. आधी बसवा, मग सांगा."

"बसवीन."

"पाठीला गार लागतंय. घ्या आता मागं."

मी टोपी तशीच धरून दुसरा हात वर केला. वाघीण मागे घ्यायचा इशारा माझ्या त्या हाताने दिला.

नंतर शेडमध्ये व्हर्जिल बाकावर बसला होता, गुडघ्यांत हात घालून. बाकीच्यांना मी बाहेर घालवलं.

"कुठल्या लाइनवर होतास?"

"कुठल्याच नाही."

"मग ही बोटं?"

"मिशिगनला, लाकडाच्या गिरणीत. करवतीनं गेली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठं, मुकादम?" तो जमिनीकडे बघतच बोलत होता. "तीन गावं फिरलो. हा हात बघून लोक दारातूनच हाकलायचे. घरी चार पोरं. हा हात बघून काम देणारे तुम्ही पहिले. मला वाटलं, देवानंच बुद्धी दिली तुम्हाला."

मी त्याला मारायला हात उचलला होता. तो खाली घेतला. मारायचं तर आधी कुणाला, हे मला कळेना.

नोराला मी बसवून सांगितलं. तिने खुर्चीची कड धरली आणि कितीतरी वेळ सोडली नाही. चौकशीही झाली. असल्या कामासाठी कंपनीकडे छापील कागद असतो, त्यावर 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' हे आधीच छापलेलं असतं, फक्त नाव भरायचं. यार्डातल्या सगळ्यांत सावध माणसाचं नाव त्यावर भरलं गेलं. मी ते खोडायला सांगितलं. कंपनीचे साहेब म्हणाले, "मग कामावर घेणाऱ्याचं नाव लिहू का, डेलाहंट?" मी लिहा म्हटलं. त्यांनी कागद खणात टाकला आणि मला कामावर जायला सांगितलं.

दफनानंतर चार दिवसांनी मी नोराकडे गेलो. ती बटाटे सोलत होती.

"त्या सोमवारी अजून एक माणूस आला होता म्हणे," ती म्हणाली. "सहा वर्षं काम केलेला."

यार्डात काहीच लपत नाही. "आला होता."

"त्याला का घालवलंत?"

खोटं बोलता आलं असतं. "त्याची दहाही बोटं होती."

सुरी थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिला समजलं. समजताना तिचा चेहरा मी बघितला. तसं बघायला लागण्यापेक्षा दोन वाघिणींच्या मध्ये मीच उभा असतो तर बरं झालं असतं.

"अमोसला शेवटची आंघोळ मी घातली, बाबा," ती म्हणाली. "छाती बघवेना, म्हणून हातच धूत बसले. दहाही होती. इतक्या वर्षांत एक जाऊ दिलं नाही त्यानं. दर रविवारी तुमच्या समोर बसून जेवायचा, आणि तुम्ही म्हणायचात नशीब."

मी शोधत होतो तसाच माणूस माझ्याच टेबलावर मला मीठ सरकवून देत होता. मी त्याचे हात बघत होतो आणि मला काही दिसत नव्हतं.

"मी इंडियानाला चाललेय, अमोसच्या आईकडे," नोरा म्हणाली. "बाळ तिथंच होईल. स्टेशनवर येऊ नका."

मार्चच्या मध्यावर ती गेली. मी गेलो नाही. मालयार्डाच्या कुंपणापाशी उभं राहिलं की स्टेशनातून सुटलेली प्रवासी गाडी दिसते, तशी बघितली. प्रवासी डब्यांना नवी कडी आणि हवेचे ब्रेक केव्हाच बसले होते. प्रवासी तिकीट काढतात, त्यांची किंमत असते.

आता मे संपत आलाय. मुलगा झाला की मुलगी, कुणी कळवलं नाही. पत्र लिहायला दोनदा बसलो. पहिल्या ओळीच्या पुढे सरकत नाही. आयुष्यभर मी माणसांचे हात बघितले. साधं एक विचारायचं कसं, ते मला येत नाही.