हिरव्यांच्या गर्दीतली लाल

मी लाल फीत बोलतेय. हळू बोलतेय, कारण सध्या जिथं आहे तिथं मोठ्यानं बोलायची सोय नाही. रोझा असानोव्हना दोन पावलांवर उभी आहे, आणि तिला मीच हवी आहे.

जन्म तसा साधाच. बाजारातल्या एका दुकानात साटिनच्या लाल रिळावर मी गुंडाळलेली होते. आमच्याकडे बालवाडीतल्या पोरींच्या केसांत डोक्याएवढाले बो बांधतात. माझ्या रिळातल्या बहुतेक बहिणी तिकडेच गेल्या. मीही गेले असते, पण मध्येच एर्मेक आला आणि उरलेलं रीळ घेऊन गेला.

एर्मेक संगणक दुरुस्त करतो. त्याच्या दुकानात गावातली इंटरनेटवाली मंडळी जमायची. कुणी व्हिडिओ करायचं, कुणी सरोवराकाठच्या कचऱ्याच्या बातम्या टाकायचं, कुणी नुसतंच फुकटच्या वायफायसाठी बसायचं. त्यातूनच ‘उघडं दार’ हा मेळावा उभा राहिला. वर्षातून एकदा, वाचनालयाच्या हॉलमध्ये. कुणीही यावं, फळ्यावर आपला विषय लिहावा आणि बोलावं. दुपारी सगळ्यांनी मिळून आशल्यान-फूची, म्हणजे थंडगार शेवयांच्या सूपाची, आंबटतिखट वाडगी रिकामी करावी.

फितींची टूम एर्मेकनं राजधानीतल्या कुठल्याशा संमेलनात पाहिली होती. दारातच फीत गळ्यात घालायची. हिरवी म्हणजे माझे फोटो खुशाल काढा, लाल म्हणजे काढू नका. त्यानं माझ्या एका टोकाला पांढऱ्या शाईनं ‘उघडं दार’ असा शिक्का मारला आणि खोक्यात ठेवलं. मला केवढा अभिमान वाटला होता. एखाद्याचा चेहरा राखायचं काम आपल्याकडे आलंय, म्हटलं.

तिथंच आम्ही सगळे फसलो. राजधानीत म्हणे निम्मी माणसं लाल घालतात. आमच्या गावात फोटोला नको म्हणणारा माणूस म्हणजे लग्नाला येऊन न जेवणारा. सगळा गाव त्याच्याकडे बघत बसतो. पण हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

या रविवारी मला सायकालनं उचललं. सायकाल बालवाडीत शिकवते. तिची पाच वर्षांची मुलगी आयबिके तिथंच असते, आणि एक दिवस तिनं घरी येऊन विचारलं होतं, “आई, सूपमधलं मांस कोण खातं?” सायकालनं शोध घेतला. मांस दर आठवड्याला मुख्याध्यापिका रोझा असानोव्हनाच्या गाडीत चढत होतं. तेव्हापासून सायकाल टोपणनावानं एक चॅनेल चालवते. स्वयंपाकघरातले फोटो, रिकाम्या वाडग्यांचे फोटो. अख्खा गाव ते वाचतो आणि लिहिणारी कोण, हे कुणालाच माहीत नाही. माहीत झालं तर नोकरी जाईल, पोरीची जागा जाईल, आणि नवरा रशियात मजुरीला असलेल्या बाईला दुसरी नोकरी या गावात कोण देणार?

मेळाव्याला ती आली ती एका माणसासाठी. शेजारच्या जिल्ह्यातला एकजण ‘कावळा’ नावानं लिहितो. दोघं दोन वर्षं एकमेकांना कळफलकावरूनच ओळखत होती. त्याच्याही गळ्यात माझी एक बहीण होती. मागच्या बाकावर बसून त्यानं तिला फोटोमागं दडलेली माहिती कशी पुसायची ते शिकवलं.

“मला वाटलं होतं तू पुरुष असशील,” कावळा म्हणाला.

“मला वाटलं होतं तू तरुण असशील,” ती म्हणाली, आणि दोघं तोंडावर हात धरून हसली. तिच्या छातीवर मी हलकेच हलत होते. माझ्या आयुष्यातला तो एवढाच सुखाचा काळ.

कारण चहाच्या वेळी उर्मात आला. उर्मात म्हणजे रोझा असानोव्हनाचा भाचा. गळ्यात हिरवी फीत, हातात तळलेल्या पिठाचा बोर्सोक, सगळ्यांशी हसतखेळत. तो सायकालच्या पाठीमागच्या खिडकीशी उभा राहून फोनवर बोलत होता, आणि मी ऐकत होते.

“अगं मावशी, सोप्पं झालंय. तुझ्या बालवाडीतल्या बायका सगळ्या आल्यात, मुलांचे व्हिडिओ करायला शिकतायत. आणि इथं ज्याला लपायचंय ना, तो आपणहून लाल घालून बसलाय. खोक्यातून फक्त तीन लाल गेल्यात, गर्दीत कोण ते दिसत नाही एवढंच. आता ग्रुप फोटो होऊ दे, म्हणजे कळतंच.”

स्वतःला मी ढाल समजत होते, आणि निघाले बोट. सायकालकडे रोखलेलं. आणि मला ओरडता येत नव्हतं.

तेवढ्यात एर्मेकनं माईक घेतला. “चला, सगळ्यांचा फोटो. लालवाल्यांनी कृपया या बाजूला, भिंतीशी उभं राहा, म्हणजे चुकून कुणी फोटोत यायला नको.” बिचारा काळजीनंच म्हणत होता.

कावळा उठून भिंतीशी गेला. उर्मातनं मोबाइल खाली केला आणि भिंतीकडे बघत राहिला. सायकालनं त्याला बघताना बघितलं.

तिसरी लाल होती बुरुल आपांच्या गळ्यात. आपा लोकरीच्या नमद्याच्या सपाता विकतात आणि फोनवर जाहिरात करायला शिकायला आल्या होत्या. त्या पहिल्या रांगेत मधोमध जाऊन बसल्या.

“आपा, तुमची लाल आहे,” एर्मेक म्हणाला. “तुम्ही फोटोत नाही.”

“का नाही? पहाटेपासून आवरतेय मी. हिरवी माझ्या रुमालाला शोभत नव्हती म्हणून लाल घेतली.”

“आपा, नियम आहे.”

“नियम तुझ्या सासूला सांग. काढ फोटो.”

हॉल हसण्यात बुडाला. उर्मातही वळून हसला. त्या क्षणात सायकालनं मला मानेवरून ओढलं, कोटाच्या खिशात कोंबलं आणि हिरव्यांच्या गर्दीत जाऊन उभी राहिली. चेहरा उघडा, ओठांवर हसू. जो चेहरा राखायला मी होते, तोच तिला पुढं करावा लागला.

खिशाच्या अंधारात मला वाटलं, सुटलो.

पण एर्मेकसारखा टापटिपीचा माणूस दुसरा नाही. मेळावा संपल्यावर त्यानं फिती गोळा केल्या, मोजल्या आणि संध्याकाळी सगळ्यांच्या ग्रुपवर लिहिलं: “मित्रांनो, एक लाल फीत कमी भरतेय. कुणाच्या खिशात चुकून गेली असेल तर बघा. रागावणार नाही.” खाली हसरा चेहरा. तो ग्रुप उर्मातही वाचतो. सायकालनं मात्र तो निरोप वाचला नाही. घरी गेल्यावर तिनं फोन बंद करून टाकला होता, भीतीनं.

आज सकाळी बालवाडीच्या फाटकाशी तिनं तो सुरू केला आणि एर्मेकचा निरोप वाचला. काचेतून आतलं दिसत होतं. रोझा असानोव्हना कोटांच्या खुंट्यांपाशी उभी होती. “कोठीच्या किल्ल्या हरवल्यात गं, वाईट वाटून घेऊ नका,” असं म्हणत प्रत्येकीच्या खिशात हात घालत होती. पिशव्यासुद्धा उलट्या करत होती. मागं परतावं तर मागून दुसऱ्या बायका येत होत्या. मला बर्फात टाकावं तर पांढऱ्यावर लाल. आता संपलं, असंच मला वाटलं.

सायकाल गुडघ्यावर बसली. आयबिकेची टोपी काढली आणि मला तिच्या केसांत बांधायला लागली. घाईत पहिली गाठ सुटली. दुसऱ्या वेळी तिनं शिक्क्याचं टोक आत दुमडलं आणि वरून भलामोठा बो केला.

“आई, आज सण आहे?” आयबिकेनं विचारलं.

“हो राणी. आज उड्या मारायच्या नाहीत.”

आणि ती आत गेली. कोट काढून स्वतःच्या हातानं पुढं केला.

तर मी इथं आहे. लहानपणी जिथं जायचं स्वप्न होतं, तिथंच, पोरीच्या केसांत. रोझा असानोव्हनाचा हात सायकालच्या दोन्ही खिशांतून फिरून रिकामा बाहेर आला. मग तोच हात आयबिकेच्या गालावर आला, माझ्या अगदी जवळ. “आज काय नटलीय बाई,” ती म्हणाली. सायकाल हसली. तसं हसू मी दोनदाच पाहिलंय, काल फोटोत आणि आज.

तुम्ही असे मेळावे भरवत असाल तर हातापाया पडून सांगते, लपणाऱ्याला वेगळा रंग देऊ नका. सगळ्यांनाच एक रंग द्या आणि फोटो कमी काढा.

आणि आयबिके, पोरी, तू तरी ऐक. गाणं सुरू झालंय, सगळी मुलं नाचतायत, मला कळतंय. पण ती बाई अजून दारातच उभी आहे, आणि दुमडलेलं टोक हळूहळू बाहेर यायला लागलंय. उडी मारू नकोस.